ट्रिपचा भत्ता बघू नको, दिवसाचा बघ: हेवीवर नवीन असलेल्या ड्रायव्हरसाठी

हेवी लायसन हातात आलं, वर्षभर कुणाच्या तरी दहा टायरच्या ट्रकवर काढलं, आणि आता वाटतंय की इथं काही खरं नाही, दुसरीकडं बरं काम बघावं. अशी खूप पोरं भेटतात मला, कळंबोलीत भेटतात, चाकणला कंपनीच्या गेटबाहेर गाडी लावून बसलेली भेटतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "दादा, तिकडं ट्रिपला किती देतात?" त्या प्रश्नातच माणूस फसतो म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, माझी १४ वर्षं गाडीवर गेलीत त्यातलं जेवढं कामाचं आहे तेवढं सांगतो.

मीपण असाच फसलो होतो. ट्रिपला ६,००० भत्ता ऐकून एका ट्रान्सपोर्टला लागलो. पुण्यातून गाडी भरली की २ दिवसात पोचायची, पण तिकडं गोडाऊनला नंबर लागायला ३ दिवस, मग रिटर्न भाडं मिळेपर्यंत दलालाच्या ऑफिसबाहेर २ दिवस, आणि परत यायला २ दिवस. झाले ९. सहा हजाराला ९ ने भाग, दिवसाला ६६६ रुपये येतात, त्यात दोन वेळचं जेवण, चहा, अंघोळीचे पैसे मिळून रोजचे ३५० धर, हातात ३१६ राहिले. त्याच वेळी माझा एक मित्र भिवंडी ते नागपूर ठरलेल्या लाईनवर होता, जाऊन येऊन ४ दिवस आणि भत्ता ३,६००. मी त्याला म्हणायचो तुला कमी मिळतं. त्याला दिवसाला ९०० पडत होते, जेवण वजा जाता ५५० उरत होते, आणि वर आठवड्यातून एकदा घरी जेवायला जात होता. हे मला कळायला पाच महिने लागले.

म्हणून नवीन काम शोधायच्या आधी एक साधी वही कर. गाडी भरायला कधी लावली, भरून कधी निघाली, कधी पोचली, कधी खाली झाली, भत्ता किती मिळाला, खिशातून किती गेले, एवढंच लिही, २ महिने लिही. वेळ घालून लिही, नुसती तारीख नको. दोन महिन्यांनी तुला तुझा खरा दिवसाचा रेट कळेल आणि मग कुणी कितीही मोठा आकडा सांगितला तरी तुझ्याकडं मोजायला माप असेल.

आता कागद. चांगल्या कंपनीत तुझ्याशी बोलायच्या आधी लायसन मागतात, आणि तिथंच अर्धी पोरं गळतात. हेवीचं लायसन ५ वर्षांसाठी असतं, तारीख बघून ठेव, संपायच्या वर्षभर आधीपासून रिन्यूला टाकता येतं, मग शेवटच्या आठवड्याची वाट कशाला बघायची. आधी तारीख संपल्यावर ३० दिवसांची सूट असायची ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली, त्यामुळं संपलेल्या लायसनवर एक दिवस जरी गाडी चालवली आणि काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करायला मोकळा. आणि संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते. मेडिकलचा फॉर्म १ ए नुसता सही शिक्क्यापुरता करू नको, डोळे खरंच तपासून घे. रात्रीच्या समोरच्या लाइटनं डोळे दिपायला लागले आणि चष्मा नाही, अशी माणसं बघितलीत मी, लपवून चालवतात कारण काम जाईल ही भीती. चष्म्यानं काम जात नाही.

ज्यांच्याकडं अजून हेवी नाही, फक्त कारवालं एलएमव्ही लायसन आहे, त्यांनी पण निराश व्हायचं कारण नाही. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिलाय की मालासकट एकूण ७,५०० किलोच्या आतली मालाची गाडी एलएमव्हीवर चालते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, ४०७ सारखी गाडी. फक्त वय २० पूर्ण पाहिजे आणि धोकादायक माल नको. मला विचारशील तर पहिलं वर्ष पिकअपवरच काढावं, गल्लीबोळात रिव्हर्स मारून मारून जो अंदाज येतो तो सरळ हायवेवर कधीच येत नाही, आणि हेवीसाठी एलएमव्ही १ वर्ष जुनं लागतंच, ते वर्ष पण त्यात निघून जातं.

काम कुठं आहे ते आता बघू. एक मार्केटची गाडी, म्हणजे दलालाकडून मिळेल ते भाडं, आज कांदा उद्या सिमेंट परवा भंगार. सगळे इथूनच सुरू करतात आणि शिकायला हे बरं आहे, रस्ते कळतात, माल बांधायला शिकतोस, पण गाडी किती उभी राहील त्याचा काही नेम नाही. दुसरी लाईनची गाडी. भिवंडीत मानकोली, काल्हेर, पडघा हा सगळा पट्टा गोडाऊनचा, तिथून कुरिअर आणि ऑनलाइनच्या मालाच्या बंद बॉडीच्या गाड्या रोज ठरलेल्या वेळेला सुटतात. दरवाजाला सील, जीपीएस, पोचायची वेळ ठरलेली, बऱ्याचदा दोन ड्रायव्हर. भत्ता कमी दिसतो पण गाडी उभी राहात नाही, कारण उशीर झाला तर कंपनीचंच नुकसान असतं. समृद्धी जून २०२५ मध्ये आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाला तेव्हापासून नागपूर लाईन अजून सोपी झाली, ७०१ किलोमीटर एकसारखा रस्ता, फक्त जड गाडीला ८० ची मर्यादा आहे ती पाळायची, आणि तो रस्ता सरळ आहे म्हणूनच झोप आणतो हे ध्यानात ठेवायचं.

तिसरं चाकण, रांजणगाव, तळेगाव, वाळूजचं मिल्क रन. गाडीच्या पार्टचे ट्रे चार-पाच व्हेंडरकडून उचलायचे आणि प्लांटला ठरलेल्या स्लॉटमध्ये लावायचे. अर्धा तास उशीर झाला तर फोनवर फोन येतात, डोक्याला ताप असतो हे खरं, पण रात्री घरी. लग्न झालेल्या, लहान लेकरं असलेल्या ड्रायव्हरनं हे काम जरूर बघावं. चौथं न्हावा शेवाचं कंटेनर. ट्रेलर हाताळता आला पाहिजे, पोर्टचा पास लागतो, फॉर्म १३ (डबा पोर्टात आत न्यायचा कागद), सील नंबर, रिकामा डबा कुठल्या यार्डला टाकायचा, ही सगळी भाषाच वेगळी. लाइनीत तास जातात, म्हणून तिथं हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी उभी राहिल्याच्या पैशाचं, आधी बोलून घ्यायचं. जानेवारी ते एप्रिल नाशिक, पिंपळगावकडून द्राक्षाचे रीफर, म्हणजे थंड कंटेनर, निघतात, आत शून्य डिग्रीच्या आसपास ठेवायचं असतं आणि वाटेत जेनसेट (थंड ठेवणारा जनरेटर) बंद पडला तर लाखोंचा माल जातो, म्हणून जो ड्रायव्हर दर २ तासांनी खाली उतरून डिस्प्ले बघतो, फोटो पाठवतो, त्याला पुढच्या सीझनला स्वतः फोन येतो.

आणि पाचवं टँकर. मनमाडजवळ पानेवाडीला डेपो आहे, तिकडं पेट्रोल डिझेलची कामं असतात, केमिकलची कुरकुंभ, तारापूर, रसायनी, लोट्याला असतात. यासाठी लायसनवर धोकादायक मालाची नोंद लागते, ३ दिवसांचं ट्रेनिंग करून सर्टिफिकेट आरटीओत द्यायचं, नोंद ३ वर्षं चालते, मग एक दिवसाचा उजळणी कोर्स. टँकरच्या मागं नारंगी पाटीवर १२०३ लिहिलेलं बघितलं असशील, तो पेट्रोलचा नंबर आहे, १२०२ डिझेलचा. केबिनमध्ये ट्रेम कार्ड असतं, माल सांडला किंवा पेटला तर काय करायचं ते त्यात असतं, ते ज्याला वाचून समजतं त्यानंच त्या गाडीवर बसावं. माझं मत असं की दोन-तीन वर्षं हेवीवर हात बसल्यावर ही नोंद करून घ्यायलाच पाहिजे. ट्रेनिंगचे ३ दिवस जातात, थोडे पैसे जातात, पण नोंद असलेले ड्रायव्हर कमी आहेत आणि त्या कामात ओव्हरलोडची भानगड जवळजवळ नसते.

काम विचारायला ऑफिसात आधी जाऊ नको. आधी त्या कंपनीच्या गाड्या जिथं उभ्या राहतात तिथं जा, निगडीची ट्रान्सपोर्ट नगरी असेल, पंप असेल, पंक्चरवाला असेल, आणि त्यांच्या ड्रायव्हरबरोबर चहा पी. त्याला पगार विचारू नको, पगार कुणी खरा सांगत नाही. त्याला विचार, "मागच्या महिन्यात घरी किती दिवस होतास? मागचा हिशोब कधी मिळाला?" या दोन उत्तरांत सगळं येतं. मग गाडीचा नंबर बघून एमपरिवाहन ॲपवर टाक, इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी, सगळ्यांच्या तारखा दिसतात. ज्या मालकाच्या तीनपैकी दोन गाड्यांचा इन्शुरन्स संपलाय तो तुझा पगार वेळेवर देईल असं मला तरी वाटत नाही. महाट्रॅफिकवर पेंडिंग चलनं पण बघून घे. आणि कामाला लावतो म्हणून कुणी रजिस्ट्रेशन फी, गेटपास फी, डिपॉझिट मागितलं तर तिथूनच परत फिर, गाडी चालवायला ड्रायव्हर पैसे देत नसतो.

ऑफिसात बसल्यावर मात्र लाजू नको. पोरं तिथं "चालेल साहेब" म्हणून उठतात आणि पहिल्या हिशोबाला भांडणं होतात. विचारायचं काय तर, गाडी खाली व्हायला २४ तासांच्या वर लागले तर हॉल्टिंगचे रोज किती आणि ते ड्रायव्हरला मिळतात का मालकच ठेवतो. हमाली आणि वाराई, म्हणजे माल चढवायचे-उतरवायचे पैसे, कोण देणार. चलन आलं तर कुठलं कुणाचं, सीटबेल्ट आणि मोबाइलचं आपलं हे मान्य, पण नो एंट्रीत त्यांनीच गाडी घालायला सांगितली तर? टायर फुटला तर कापणार का? पगार बँकेत येणार का? २० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागतो, २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसीचं विचार, ईएसआयसीचं कार्ड म्हणजे बायकोपोरांचा दवाखाना आहे, ते हजार-दीड हजार पगारवाढीपेक्षा मोठं असतं.

डिझेलच्या ॲव्हरेजवर जास्त वेळ घालव, कारण खरी कापाकापी तिथंच होते. समज मालक म्हणाला ४ चं ॲव्हरेज दे. १,२०० किलोमीटरला ३०० लिटर झालं. गाडी जुनी, नोझल खराब, घाट लागला, आणि ३.६ बसलं, तर ३३३ लिटर लागलं. वरचं ३३ लिटर तुझ्या नावावर, ९० रुपयांनं धरलं तरी ३,००० गेले, म्हणजे अर्धा भत्ता. म्हणून जी गाडी देणार आहेत त्याच गाडीच्या आधीच्या ड्रायव्हरला शोधून विचार की भरलेली किती देते, रिकामी किती देते, आणि ऑफिसला सांग की पहिल्या दोन ट्रिपा टाकी फुल टू फुल करून मोजू आणि मग आकडा ठरवू. चांगला मालक याला नाही म्हणत नाही, त्यालापण कळतं की हा पोरगा हिशोबाचा आहे. ओरिजिनल लायसन मात्र कुणाकडं ठेवायला देऊ नको, आणि ५०-६० हजाराची उचल घेऊन सुरुवात करू नको. उचल घेतली की दोन महिन्यांनी जागा बदलायचा हक्क गेला.

ट्रायल घेतील. बहुतेक ठिकाणी डॉकला (माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला) रिव्हर्स लावायला सांगतात आणि एखादा चढ-उतार. रिव्हर्सला अंदाज नसेल तर खाली उतरून बघ, परत चढ, परत उतर, यात कमीपणा काही नाही, उलट ट्रायल घेणारा तेच बघत असतो. उतारावर ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, एक्झॉस्ट ब्रेक वापरायचा, आणि ब्रेकच्या एअरच्या काट्यावर नजर ठेवायची. न्यूट्रल करायचं नाही, कधीच नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडं येताना जो लांब उतार आहे तिथं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, इंजिनचा जोर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि खाली आल्यावर पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. तिथं किती लोकं गेलीत ते सगळ्या पुण्याला माहितीय. अर्धा लिटर डिझेलसाठी हे करू नकोस रे.

काम मिळाल्यावर नाव कशानं होतं तर पोचेनं, म्हणजे माल मिळाल्याच्या सहीनं. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, पोच क्लीन आली पाहिजे. मी भिवंडीत एकदा ऑगस्टमध्ये माल खाली करत होतो, पाऊस असा की डॉकवर उभं राहून शेजारची गाडी दिसत नव्हती, चढवताना मी बॉक्स मोजले नव्हते कारण दोन रात्रींची झोप राहिली होती आणि लोडिंगवाला म्हणाला ४१२ आहेत, सही कर. खाली करताना ४१० निघाले आणि मागच्या कोपऱ्यातले ३ भिजलेले, ताडपत्रीला शिवणीजवळ बोटभर भोक होतं. पोचेवर शेरा पडला, दोन शॉर्ट तीन डॅमेज, आणि महिन्याअखेर माझ्या हिशोबातून ४,७०० गेले. भोक मला आधीच दिसण्यासारखं होतं, ताडपत्री पसरून खालून वर उजेडाकडं बघितलं की सुईएवढं भोक पण चमकतं. आता मी भरताना दरवाजात उभा राहतो, दर थराला रेघ मारतो, आणि मोजता नाही आलं तर बिल्टीवर "माल मोजला नाही" असं लिहूनच सही करतो. सील असेल तर नंबर बिल्टीशी जुळवून फोटो काढतो. खाली करताना काही शॉर्ट निघालं तर तिथंच, सही घ्यायच्या आधी ऑफिसला फोन, नंतर सांगून उपयोग नसतो.

ई-वे बिल, म्हणजे मालाबरोबरचा जीएसटीचा कागद, पण ड्रायव्हरनं स्वतः बघायचं, मुकादमावर सोडायचं नाही. त्यात गाडी नंबर तुझ्याच गाडीचा आहे का, आणि मुदत किती. २०० किलोमीटरला १ दिवस मिळतो, म्हणजे चाकण ते चेन्नई साधारण १,२०० ला ६ दिवस. गाडी बिघडली आणि मुदत संपत आली तर संपायच्या ८ तास आधी ते ८ तास नंतर एवढ्यातच वाढवता येतं, म्हणून बिघडल्या बिघडल्या ऑफिसला कळव.

ओव्हरलोडचं सरळ सांगतो. सहा टायरला एकूण १८.५ टन, दहा टायरला २८.५ टन, हे गाडीसकट वजन, २०१८ ला वाढवून दिलेलं, पण जुन्या गाडीच्या आरसीवर जे लिहिलंय तेच खरं. काट्यावर जास्त निघालं तर २०,००० दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, वजन करायला गाडी थांबवलीच नाही तर ४०,०००. मालक म्हणतो दंड मी भरतो. दंड तो भरेल पण लायसन ३ महिने सस्पेंड होऊ शकतं, आणि ते तुझं असतं. काट्याची पावती घेतल्याशिवाय गेट सोडायचं नाही आणि जास्त असेल तर तिथंच म्हणायचं, "शेठ, २ टन उतरवा, मी थांबतो." एक-दोन ठिकाणी काम जाईल यानं. जाऊ दे. अशा मालकाकडं राहून चांगल्या कंपनीत जायचा रस्ता नाही, कारण चांगली कंपनी लायसन कधी सस्पेंड झालं का ते बघते.

झोपेचं पण तसंच. कायद्यानं मोटार कामगाराला १९६१ पासून दिवसाला ८ तासच धरलेत, रस्त्यावर काय चालतं ते आपण जाणतो. पहाटे २ ते ५ डोळे मिटतातच, चहा, तंबाखू, खिडकी उघडणं, कशानंही ते थांबत नाही, २० मिनिटं झोपूनच थांबतं. फोन आला तर भांडायचं नाही, खोटं पण बोलायचं नाही, सांगायचं, "साहेब, टोलच्या पुढं पंपावर गाडी लावलीय, साडेचारला निघतो, ९ पर्यंत पोचतो." वेळ सांगायची आणि ती पाळायची. तीन-चार वेळा पाळली की परत विचारत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, त्यामुळं जॉइन होताना नवी गाडी मिळते का विचार, मे महिन्यात विदर्भात दुपारी केबिनमध्ये झोप लागणं न लागणं यावर रात्रीची गाडी अवलंबून असते. आणि बँकेत जाऊन वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आजच चालू कर, अपघाती २ लाखाचा आहे, घरी आईला किंवा बायकोला पासबुक कुठंय ते सांगून ठेव.

आधीचं काम सोडताना गाडी मध्येच टाकून जाऊ नको. हिशोब पूर्ण कर, चावी, जॅक, टॉमी (लोखंडी दांडा), स्टेपनी, ताडपत्री दाखवून दे आणि मेसेजवर "सगळं मिळालं" असं घे, कारण नवीन ठिकाणचा माणूस जुन्या मालकाला एक फोन नक्की करतो.

नव्या गाडीवर बसायच्या दिवशी अर्धा तास आधी जा. सगळे टायर टॉमीनं ठोकून बघ, दोन जोडटायरमध्ये दगड अडकलाय का हात घालून बघ, एअर टँकचं पाणी सोड, दिवे, वायपर, मागचे रिफ्लेक्टर बघ. मग किलोमीटरचा, डिझेलच्या काट्याचा, चारी बाजूच्या जुन्या घासल्या-पोचल्याचा फोटो काढ आणि ऑफिसच्या नंबरवर तिथंच टाक. वही डॅशबोर्डवर ठेव आणि पहिल्या ओळीत वेळ लिही, गाडी भरायला लावली तेव्हाची.